विश्वबंधुत्व आणि ओले मोजे

आंतरराष्ट्रीय उन्हाळी शिबिराला निघालेल्या अकरा वर्षांच्या मराठी मुलाची बॅग आणि भारताची राज्यघटना यांत बरंच साम्य आहे. दोन्ही लांबलचक, दोन्हींत सगळ्यांच्या भावनांचा विचार केलेला, आणि दोन्हींतल्या दुरुस्त्या काही केल्या संपत नाहीत. शिबिराच्या यादीत साध्या गोष्टी असतात: टी-शर्ट, रेनकोट, स्लीपिंग बॅग, मोज्यांचे भरपूर जोड. घरची यादी त्याखाली सुरू होते. फेटा, लेझीम, मेंदीचे कोन, रांगोळीचे छाप, वाटायला गणपतीच्या कीचेन, आजीचा चिवडा, आजीच्या चिवड्यावर भरवसा नसलेल्या आत्याचा दुसरा चिवडा, आणि शिंकेपासून विंचूदंशापर्यंत सगळ्यावरची औषधं. वजनकाट्यावर बॅग तीन किलोंनी जास्त भरते आणि बाहेर काय काढायचं यावर घरात मतदान होतं. पहिला बळी मोज्यांचा जातो, कारण मोजे भारताचं प्रतिनिधित्व करत नाहीत. विमानतळावर बाबा वाकून सांगतात, "तिथे तू म्हणजे भारत, लक्षात ठेव." दुधाची पिशवी आणायला ज्याला कालपर्यंत एकट्याला रस्ता ओलांडू दिला नव्हता, त्याच्या खांद्यावर आता एकशेचाळीस कोटींची अब्रू असते, आणि त्याला पाहायचं असतं फक्त खिडकीची सीट मिळाली का ते. या लेखाचं म्हणणं असं, की ती अब्रू, तो फेटा आणि छापील कार्यक्रमपत्रिका यांतलं फारच थोडं शिबिरात कामाला येतं. जगाशी ओळख होते ती मोज्यांमुळे, आणि त्यातही ओल्या मोज्यांमुळे. पुरावे चार देशांत विखुरलेले आहेत, म्हणून थोडा प्रवास करावा लागेल.

सुरुवात अमेरिकेतल्या ओहायोपासून, कारण अकरा हे वय तिथे ठरलं. सिनसिनाटीला डोरिस ॲलन नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. महायुद्ध नुकतंच संपलेलं. उच्चशिक्षितांसाठी एखादी आंतरराष्ट्रीय संस्था काढली तर जगात शांतता नांदेल, असा एक विचार १९४६ साली मांडला जात होता. बाईंना तो वाचून वाटलं, उच्चशिक्षित म्हणजे फार उशीर झाला. भाजलेल्या मडक्याला नव्यानं गळा काढता येत नाही. त्यांनी अकरा वर्षांची मुलं निवडली. या वयाचं मूल आईवाचून महिनाभर राहू शकतं, आपण कुठले हे सांगू शकतं, पण आपण कुठले यावरून भांडावं असं त्याला अजून फारसं वाटत नाही. १९५१ साली सिनसिनाटीत पहिलं शिबिर भरलं. नऊ देशांची मुलं आली होती, त्यांत जर्मनीची होती आणि ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वेचीही होती. सहाच वर्षांपूर्वी या मुलांचे बाप एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, हे लक्षात घेतलं तर बाईंचं धाडस कळतं. तीच संस्था आज सी.आय.एस.व्ही. या नावानं साठाहून जास्त देशांत आहे, मुंबईतही आहे, आणि तिच्या मुख्य शिबिराचा साचा अजून तोच: प्रत्येक देशाचे दोन मुलगे, दोन मुली, सोबत एक मोठं माणूस, मुक्काम चार आठवडे. मनपरिवर्तनाला चार आठवडे पुरतात का, हा विद्वानांचा प्रश्न. चिवडा पुरत नाही, हे मात्र पहिल्या आठवड्यातच ठरतं.

आता शिबिराचा दिवस पाहा. सकाळी झेंड्याभोवती गोल करून गाणं. मग खेळ, ज्यांत कोणी हरत नाही, त्यामुळे खेळ कधी संपला हे कळत नाही. मग चर्चा, मग त्या चर्चेत आपल्याला काय वाटलं यावर चर्चा. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे देशाची रात्र. त्या रात्री चौघं मिळून देश होतात. भारताचे चौघं एकाच शहरातले, बहुधा एकाच पट्ट्यातल्या शाळांतले असतात, पण तिथे ते भांगडा, लेझीम, भरतनाट्यम आणि हिंदी सिनेमाचं एक गाणं एवढं सगळं बारा मिनिटांत बसवतात. शेजारच्या टेबलावर फिनलंडचे चौघं काळ्या गोळ्या वाटत असतात. त्या ज्येष्ठमधाच्या असतात आणि खारट असतात, आणि त्यांचा खारटपणा ज्या क्षारातून येतो तो म्हणजे अमोनियम क्लोराइड, आपल्याकडे कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकतो तो नवसागर. मेक्सिकोकडे चिंचेची तिखटमीठ लावलेली वडी. नॉर्वेकडे तपकिरी, गोडसर चीज. मुलं टेबलामागून टेबल फिरतात, सगळं चाखतात, सगळ्यांना 'छान' म्हणतात. प्रतिनिधी म्हणून ते म्हणावंच लागतं. हा शिष्टाचार फार मोलाचा आहे असं आयोजक सांगतात, आणि संयुक्त राष्ट्रांत नेमकं हेच चालत असल्यामुळे त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. पण या देवाणघेवाणीत मूल मुलाला भेटत नाही. टेबल टेबलाला भेटतं. खरी भेट दिवे मालवल्यावर होते. खोलीत कोणीतरी ती नवसागराची गोळी पुन्हा काढतं आणि पैज लागते, तोंड वाकडं न करता कोण गिळतं. इथे भारताचा प्रतिनिधी सहज जिंकतो. हाजमोल्यावर वाढलेल्या पोटाला नवसागराचं काय! त्या मिनिटाला त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली जाते. तोवर तो 'इंडिया' होता.

दुसरी भेट केरसुणीपाशी. या शिबिरांत साफसफाईच्या पाळ्या असतात, आणि प्रत्येक पाळीत देश मिसळलेले असतात. ज्यांच्या घरी धुणंभांडी, केरफरशी आणि कधीकधी बुटांच्या नाड्याही दुसरं कोणी करतं अशी मुलं जगाच्या प्रत्येक कोपऱ्यातून इथे येतात. हा या शिबिरांवरचा सगळ्यात जुना आक्षेपही आहे, की विमानाचं भाडं आणि शिबिराची फी देऊ शकणाऱ्यांचीच पोरं इथे एकमेकांना भेटतात, म्हणजे जग भेटत नाही, जगाची वरची साय तेवढी भेटते. आक्षेप बरोबर आहे. शिष्यवृत्त्यांनी तो थोडा पातळ होतो, पुसला जात नाही. पण सायीलाच खराटा हातात दिला की काय होतं हे पाहण्यासारखं असतं. त्या मुलाला परदेशात भेटलेला पहिला खरा परका म्हणजे पोछा. तो आधी पिळायचा की नंतर, हे ना भारताला ठाऊक असतं ना ब्राझीलला. स्वीडनचं मूल मधे पडतं, कारण त्याच्या घरी हे काम त्यालाच असतं, आणि पाच मिनिटांत जगाची नवी उतरंड तयार होते, जिच्यात आर्थिक सत्तांना काही स्थान नसतं. संडासाची पाळी कोणाची यावरून होणारा वाद हा तर आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा उत्तम नमुना, कारण त्यात सगळे खरं बोलतात.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे सगळे तर्क झाले. पुरावा कुठे आहे? पुरावा ओक्लाहोमात आहे, 'रॉबर्स केव्ह' नावाच्या रानात. जुन्या काळी तिथल्या गुहेत दरोडेखोर लपत म्हणून हे नाव. १९५४ च्या उन्हाळ्यात तिथे मुझफ्फर शेरीफ या सामाजिक मानसशास्त्रज्ञानं एक शिबिर भरवलं, आणि ते शिबिर नसून प्रयोग आहे हे मुलांना सांगितलं नाही. शेरीफ जन्मानं तुर्की. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीक आणि तुर्क एकमेकांची गावं उद्ध्वस्त करत असताना तो तिथे वाढत होता, त्यामुळे माणसं टोळ्या का करतात हा त्याचा घरचाच प्रश्न. मुलं बावीस, वय पुन्हा अकराच्या आसपास. सगळी एकाच शहरातली, एकाच वर्णाची, एकाच धर्माची. म्हणजे भांडायला कारण काडीचंही नव्हतं. त्यांचे दोन गट केले. एकानं स्वतःला 'रॅटलर्स' म्हणवलं, दुसऱ्यानं 'ईगल्स'. पहिला आठवडा एका गटाला दुसऱ्याचा पत्ताच नव्हता. मग बेसबॉल, रस्सीखेच आणि जिंकणाऱ्याला चाकू बक्षीस. त्यानंतरचं वर्णन कोणत्याही ग्रामपंचायत निवडणुकीला लागू पडेल: झेंडे जाळले गेले, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या, शिव्यांचं गाणं झालं. आता आपल्या कामाचा भाग. शेरीफनं समेटासाठी आधी तेच केलं जे सगळी शिबिरं करतात. दोन्ही गटांना एकत्र सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. परिणाम असा, की आतापर्यंत लांबून शिव्या द्याव्या लागत होत्या, आता जवळून उष्टं फेकता येऊ लागलं.

मग पाणी बंद झालं. डोंगरावरच्या टाकीत बिघाड होता आणि तो शेरीफच्याच माणसांनी केलेला होता. दोन्ही गटांची पोरं तहानलेल्या तोंडांनी टाकीपाशी गेली, नळाच्या तोंडात कोंबलेलं पोतं सापडलं, आणि ते काढायचं कसं यावर सगळी एकाच वेळी बोलू लागली. पाणी आलं तेव्हा आधी कोण पिणार यावर भांडण झालं नाही. पुढे सिनेमा भाड्यानं आणायला पैसे कमी पडले तर दोन्ही गटांनी वर्गणी काढली. जेवण आणायला जाणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा पोरांनी त्याला दोर बांधून ओढला, आणि दोर तोच होता ज्याच्या दोन टोकांना ते काही दिवसांपूर्वी दात-ओठ खात लोंबकळले होते. परतीला एकच बस हवी असं मुलांनीच ठरवलं. वाटेत बस थांबली तेव्हा रॅटलर्सनी एका खेळात जिंकलेले पाच डॉलर बाहेर काढले आणि सगळ्यांना, म्हणजे ईगल्सनाही, माल्टेड मिल्क पाजलं. एकत्र जेवणानं झालं नाही, एकत्र सिनेमानं झालं नाही, ते एका गोणपाटानं केलं.

या प्रयोगावर टीका पुष्कळ झाली, आणि ती योग्यही आहे. मुलांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग करणं आज कुठलीच समिती मान्य करणार नाही. आणि भांडणं आपोआप पेटली की मोठ्यांनी फुंकर घातली, हा संशयही रास्त आहे. पण या संशयाचं उत्तर शेरीफच्याच एका फसलेल्या प्रयोगात मिळतं, आणि तो फसलेला प्रयोग मला यशस्वी प्रयोगापेक्षा जास्त पटतो. आदल्या वर्षी, १९५३ साली, न्यूयॉर्क राज्यात त्यानं असंच शिबिर घेतलं होतं. तिथे चूक एवढीच झाली, की गट पाडण्याआधी मुलांना काही दिवस एकत्र राहू दिलं. मग गट पाडले, स्पर्धा लावल्या, मोठ्यांनी गुपचूप खोड्या करून आळ दुसऱ्या गटावर घातला, आणि पोरं काही भांडेनात! उलट, हे सगळं करतंय कोण याचा त्यांनी एकत्र तपास केला आणि संशय मोठ्यांवर घेतला. शिबिर गुंडाळावं लागलं. शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं ही नामुष्की होती. माझ्या दृष्टीनं जगातलं सगळ्यात यशस्वी शांतताशिबिर, आणि ते चुकून झालं. एकदा एका तंबूत झोपलेली पोरं दुसऱ्याच्या सांगण्यावरून वैरी होत नाहीत.

तंबूवरून मेन राज्याकडे जावं लागतं. तिथे ओटिसफील्ड गावाजवळ तळ्याकाठी 'सीड्स ऑफ पीस' या संस्थेचं शिबिर भरतं. १९९३ साली पहिल्या तुकडीत इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन मिळून ४६ मुलं होती. सगळ्यांना एकसारखे हिरवे टी-शर्ट, म्हणजे निदान लांबून शत्रू ओळखू येऊ नये. ही मुलं वयानं थोडी मोठी, आणि इथे भांडायला कारण शोधावं लागत नाही. रोज समोरासमोर बसून कडाडून वाद करण्याचा तासच असतो. या शिबिरातल्या मैत्रीचा हिशेब शिकागो विद्यापीठात असताना ज्युलियाना श्रोडर आणि जेन रायझन यांनी मांडला. मुलांची मैत्री कोणाशी होते? ज्याच्याशी खोली, जेवणाचं टेबल किंवा वादाचा गट सामायिक आहे त्याच्याशी. यात नवल नाही म्हणाल. आपल्यातल्या आपल्यातही तसंच होतं. पण हा परिणाम आपल्या बाजूच्या मुलांपेक्षा पलीकडच्या बाजूच्या मुलांच्या बाबतीत कितीतरी जास्त दिसला. आणि पलीकडचा एक जरी मित्र झाला, तरी त्या सबंध समाजाकडे पाहण्याची मुलाची नजर सौम्य झालेली आढळली. एक मित्र! म्हणजे विश्वबंधुत्वाचं सगळ्यात लहान नाणं एवढंच, आणि ते कुठल्या टाकसाळीत पडणार हे टेबलांच्या वाटणीवर ठरतं. आपल्याकडे पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार याची पिढ्यान्पिढ्या एवढी काळजी का घेतली गेली, ते यावरून समजतं. ज्यांनी पंक्तिभेद केला त्यांना हे मानसशास्त्र आधीच ठाऊक होतं.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात मजबूत किल्ला, आर्तेक. क्रिमियात काळ्या समुद्राच्या काठी आयू-दाग नावाचा डोंगर आहे, समुद्रावर वाकून पाणी पिणाऱ्या अस्वलासारखा. त्याच्या पायथ्याशी १९२५ साली, सोव्हिएत काळात, तंबू ठोकून ८० मुलांचं शिबिर सुरू झालं आणि पुढे त्याचं अख्खं बालनगर झालं, जिथे परदेशी मुलांनाही बोलावणं जाई. शिस्त, गणवेश, बिगुल, सगळं चोख. दुपारच्या सक्तीच्या झोपेला तिथे नाव आहे 'अब्सोल्यूत', म्हणजे परिपूर्ण. वामकुक्षीला इतकं तत्त्वज्ञानी नाव पुण्यालाही सुचलं नाही. १९८२ साली मेन राज्यातल्याच सामंथा स्मिथ या दहा वर्षांच्या मुलीनं सोव्हिएत नेते आंद्रोपॉव्ह यांना पत्र लिहून विचारलं, तुम्हाला युद्ध करायचंय का? दोन्ही महासत्तांच्या परराष्ट्र खात्यांना इतका सरळ प्रश्न सुचला नव्हता. आंद्रोपॉव्हनी उत्तर पाठवलं, निमंत्रण दिलं, आणि जुलै १९८३ मध्ये सामंथा आर्तेकला पोहोचली, तेव्हा तिनं नुकतीच वयाची अकरा वर्षं पूर्ण केली होती. डोरिसबाईंना आनंद झाला असणार. स्वागताला पोरांचे थवे, मागेपुढे पत्रकार. हा सगळा देखावा होता, प्रचार होता, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि त्यात तथ्य होतंच; तिच्यासोबत ठेवलेल्या मुलीसुद्धा इंग्रजी येणाऱ्या निवडलेल्या होत्या. मग माझा सिद्धांत इथे कोसळतो का? उलट, टेकू मिळतो. सामंथाला खास व्यवस्था देऊ केली होती. तिनं ती नाकारली आणि इतर मुलींबरोबर एकाच खोलीत राहिली. राजशिष्टाचार खात्याला जे जमलं नसतं ते एका नकारानं केलं. मग पोहणं, गाणी, गप्पा. आंद्रोपॉव्ह आजारी होते, त्यांची भेट झालीच नाही, आणि अकरा वर्षांच्या दृष्टीनं पाहिलं तर समुद्र समोर असताना सरचिटणीस भेटले नाहीत याचं दुःख किती दिवस करणार?

इंग्लंडला फार थांबायचं कारण नाही, पण चिखल पाहून जाऊ. १९२९ साली बर्कनहेडजवळ ॲरो पार्कमध्ये बालवीरांचा जागतिक मेळावा, जांबोरी, भरला. जगभरातून सुमारे ५० हजार मुलं आली आणि त्यांच्या पाठोपाठ पाऊस आला. मैदानाचा इतका राबडा झाला की त्या जांबोरीची आठवण आजही चिखलासकट काढतात. तिथली आणखी एक गंमत नोंदवण्यासारखी. संस्थापक बेडन-पॉवेल यांना मुलांतर्फे भेट द्यायची होती, तर काय हवं असं आडून विचारून घेतलं. ते म्हणाले, पँट वर धरणारे पट्टे जुने झालेत, नवे हवेत. मुलांनी जगभरातून पेनी-पेनी गोळा केली आणि त्यांना रोल्स-रॉइस गाडी दिली, वर राहती व्हॅन दिली, आणि पट्टेही दिले. मोठ्या संस्थांना मुलांच्या गरजांबद्दल जे वाटतं ते नेहमी रोल्स-रॉइस असतं. खरी मागणी पट्ट्यांचीच असते.

पण मग पाऊस, चिखल आणि बंद नळ एवढे गुणकारी असतील, तर शिबिर जितकं वाईट तितकं चांगलं, असं म्हणायचं का? हा आक्षेप टाळता येत नाही, कारण २०२३ सालची कोरियातली जांबोरी समोर उभी राहते. सेमांगुम इथे समुद्र हटवून जमीन तयार केली आहे. तिच्यासाठी बांधलेली भिंतच ३३ किलोमीटरहून लांब. झाड नाही, सावली नाही. १५० हून जास्त देशांची सुमारे ४३ हजार मुलं ऑगस्टच्या उन्हात तिथे उतरली. उन्हानं शेकडो आजारी पडली, डासांनी पाय फोडले, स्वच्छतागृहांची दशा झाली, जेवणात बुरशी आलेली अंडी निघाली. ब्रिटननं आपली साडेचार हजार मुलं हॉटेलांत हलवली, अमेरिकेनं लष्करी तळावर. एवढ्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून 'खानून' वादळ आलं आणि उरलेल्या सगळ्यांना हजाराहून अधिक बसांमध्ये भरून देशभर पांगवलं गेलं: विद्यापीठांची वसतिगृहं, कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रं, बौद्ध मठ. त्या घाईत एका महाविद्यालयाला निरोप गेला की येमेनची पावणेदोनशे मुलं येताहेत. खोल्या लागल्या, जेवण मांडलं गेलं, स्वागताला माणसं उभी राहिली. येमेनची मुलं आलीच नाहीत, कारण ती मुळात कोरियात पोहोचलीच नव्हती. शेवटी सोलच्या स्टेडियममध्ये के-पॉपचा जलसा करून समारोप झाला. याला मी आदर्श शिबिर म्हणणार नाही. कमतरता अशी हवी की ती अकरा किंवा पंधरा वर्षांच्या हातांत मावेल. गोणपाट नळातून ओढून काढता येतं; वादळ नाही, आणि सडलेलं कंत्राट तर मुळीच नाही. सेमांगुमला संकट मुलांच्या हाती कधी आलंच नाही. ते मंत्र्यांचं राहिलं, राजदूतांचं राहिलं, आणि प्रत्येक देशानं आपापली मुलं उचलली, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी मुलं पुन्हा देश झाली. इथे ओले मोजे होते, पण ते सुकवायची दोरी बांधायला कोणी वेळच दिला नाही.

राहिला घरचा आक्षेप, आणि तो आजी घेते. एवढंच करायचं होतं तर पोराला आजोळी धाडायचं होतं. वीस भावंडं, एक न्हाणीघर, आमरसाच्या दिवशी वाट्या कमी आणि रात्री एका सतरंजीवर सगळी आडवीतिडवी. याहून वेगळं ओहायोत काय आहे? आजीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. शेरीफनं जे पोतं नळात कोंबलं ते आजोळी फुकट मिळत होतं. फरक एवढाच, की आजोळच्या रांगेत मागे उभा असलेला मावसभाऊ असतो, आणि तो कितीही छळवादी निघाला तरी दिवाळीला पुन्हा भेटणारच असतो. शिबिरातल्या रांगेत मागे असतो तो असा कोणी, ज्याच्या देशाचं नाव घरात फक्त बातम्या किंवा क्रिकेटच्या निमित्तानं निघतं. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या कल्पनेतही हीच ओढ होती, प्रांताप्रांतांच्या पोरांनी एकमेकांच्या भाषेत शिरावं ही. आणि विमानाच्या भाड्यावरूनच अडत असेल, तर पुण्यात आळंदी रस्त्यावर 'संगम' आहे. जगभरच्या गर्ल गाइड मुलींचं हे जागतिक केंद्र १९६६ सालापासून तिथे उभं आहे, जगातल्या अशा पाच केंद्रांपैकी एक. तिथे येणाऱ्या परदेशी मुलींना भारत दिसतो तो रिक्षाच्या मीटरवरून झालेल्या संवादात. पुणेकर रिक्षावाल्याशी एकदा हुज्जत घातलेली मुलगी पुढे कुठल्याही शांतता परिषदेत कमी पडणार नाही.

चार आठवड्यांनी बॅग परत येते तेव्हा वजन तेवढंच भरतं, ऐवज वेगळा असतो. फेटा घडीही न मोडता जसाच्या तसा. लेझीम बहुधा तिथेच राहिलेली. औषधांना हात लागलेला नाही. चिवड्याच्या डब्यात आता काळ्या गोळ्या आहेत, आणि आजी एक तोंडात टाकून कल्हईवाल्याची आठवण काढते. बाबा विचारतात, तिथे भारताबद्दल काय सांगितलंस? मूल म्हणतं, काही नाही, कोणी विचारलंच नाही. आई धुण्याला बसते. टी-शर्ट आठ गेले होते, सहा आलेत, त्यांतले तीन आपले नाहीत. मोजे मोजून पाहिले तर एकाही जोडाला जोड नाही. एक जाडा, लोकरीचा, करड्या रंगाचा मोजा तर मुंबईच्या हवेत कोणी घालणारच नाही असा. हा कोणाचा म्हणून विचारल्यावर मूल चक्क एक नाव सांगतं, आईला धड उच्चारताही न येणारं, आणि म्हणतं तो गरम पाण्यात घालू नकोस, आटतो, त्यानं सांगितलंय. माझा त्याच्याकडे आहे, तो पण जपून धुणार आहे.